बाण सुटल्यावर त्याला ढकलतो कोण?

या वेळी निवडलेले सर्व प्रश्न एकाच विषयाभोवतीचे आहेत : वस्तू का हलते आणि एकदा हलू लागल्यावर हलत का राहते, याविषयी न्यूटनच्या आधीच्या काळात लोक काय मानत होते? पत्रांतील मजकूर जागेअभावी थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. ‘गती टिकवण्यासाठी सतत बल लागते असे ॲरिस्टॉटल मानत होता, पण ते चूक होते’, एवढे सांगून आम्ही न्यूटनच्या नियमांकडे वळतो. यंदा एका विद्यार्थिनीने विचारले, की इतका मोठा विद्वान एवढी सोपी गोष्ट कशी चुकला? तिला काय सांगावे? (एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा)

उत्तर : ती गोष्ट सोपी नाही, हे त्या विद्यार्थिनीला सर्वप्रथम सांगावे. ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) ज्या जगाचे निरीक्षण करत होता त्या जगात ओढणे थांबले की ओढलेली वस्तू थांबते. घर्षण नसलेली जागा त्याने कधी पाहिलेली नव्हती आणि आपल्यालाही ती रोजच्या व्यवहारात कुठे आढळत नाही. डोळ्यांना जे दिसते त्यावर विश्वास ठेवून त्याने सिद्धान्त रचला, म्हणूनच तो दीर्घकाळ टिकला.

त्याच्या दृष्टीने ‘गती’ म्हणजे केवळ जागा बदलणे नव्हते. पान पिवळे पडणे, मूल वाढणे, पाणी तापणे हे सगळे बदल गतीच्याच जातीचे होते आणि प्रत्येक बदलाला काही कारण, काही दिशा असते असा त्याचा आग्रह होता. जागा बदलण्याच्या गतीचे त्याने दोन भाग केले. पहिली नैसर्गिक गती : पृथ्वी, जल, वायू आणि अग्नी या चार तत्त्वांना विश्वात आपापले स्थान आहे, आणि अडवले नाही तर प्रत्येक वस्तू आपल्या स्थानाकडे जाते. दगडात पृथ्वीतत्त्व प्रधान असल्याने तो विश्वाच्या केंद्राकडे, म्हणजे खाली जातो, तर ज्वाळा वर जाते. आकाशातील ज्योती पाचव्या तत्त्वाच्या असल्यामुळे त्या अखंड वर्तुळात फिरतात. दुसरी लादलेली गती : दगड वर फेकणे, गाडी ओढणे, जहाज किनाऱ्यावर खेचणे. या गतीला बाहेरचा चालक हवा आणि तो चालक वस्तूला प्रत्येक क्षणी चिकटून असायला हवा.

जहाजाचे उदाहरण त्याचेच आहे आणि ते त्याच्या सावधपणाची साक्ष देते. अमुक इतक्या माणसांनी जहाज अमुक अंतर ओढले, तर अर्ध्या माणसांनी तेवढ्याच वेळात ते अर्धे अंतर ओढले जाईल असे हिशेबाने वाटते. प्रत्यक्षात एकट्या माणसाला जहाज तसूभरही हलवता येणार नाही, असे तो स्वतःच लिहितो. केवळ गणिती प्रमाण मांडून तो मोकळा झाला नाही, तर ते कुठे लागू पडत नाही याकडेही त्याने लक्ष दिले.

पडणाऱ्या वस्तूंबद्दल त्याचे म्हणणे असे, की जड वस्तू वजनाच्या प्रमाणात अधिक वेगाने पडते आणि माध्यम जितके दाट तितकी ती हळू पडते. हे सरसकट खोटे आहे असे मानण्याचे कारण नाही. मधासारख्या दाट द्रवात एकाच आकाराच्या दोन लहान गोळ्या सोडल्या, तर थोड्याच वेळात दोघींची चाल स्थिर होते आणि ती चाल, द्रवाने उचलून धरलेला भाग वजा केल्यावर उरणाऱ्या वजनाच्या प्रमाणात असते, हे आजचे भौतिकशास्त्रही सांगते. ॲरिस्टॉटलने हा नियम सगळीकडे लागू केला, तिथे तो फसला.

माध्यम विरळ केले की वेग वाढतो, मग माध्यम पूर्णच काढून टाकले तर वेग अनंत होईल, आणि ते अशक्य आहे. म्हणून पोकळी असूच शकत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. याच युक्तिवादात एक फार विलक्षण वाक्य येते. पोकळीत एक जागा दुसरीपेक्षा वेगळी नसते, तेव्हा तिथे हलवलेली वस्तू अमुकच ठिकाणी का थांबावी हे कोणीच सांगू शकणार नाही. ती एकतर स्थिर राहील, नाहीतर अधिक बलवान काही आडवे येईपर्यंत अनंत काळ जात राहील, असे तो म्हणतो. न्यूटनच्या पहिल्या नियमाच्या इतक्या जवळचे विधान त्याने पोकळीची कल्पना किती हास्यास्पद आहे हे दाखवण्यासाठी केले होते. आपल्या विद्यार्थिनीला हा उतारा अवश्य सांगावा. जडत्वाची कल्पना त्याला सुचलीच नव्हती असे नाही. सुचली आणि त्याने ती अशक्य म्हणून बाजूला ठेवली.

त्याच्या सिद्धान्ताची खरी अडचण बाणापाशी होती. दोरीपासून सुटल्यानंतर बाणाला कोणी स्पर्श करत नाही, तरी तो पुढे जातो. प्रत्येक लादलेल्या गतीला चिकटलेला चालक हवा, तर इथे चालक कोण? हवा, असे त्याचे उत्तर होते. बाणाच्या टोकापुढची हवा वळून मागे येते आणि ढकलते ही त्या काळची एक कल्पना त्याला पटली नव्हती. त्याच्या मते दोरी बाणाबरोबर लगतच्या हवेलाही चालवण्याची शक्ती देते. तो थर पुढच्या थराला शक्ती देतो, ती दर टप्प्याला क्षीण होत जाते आणि ती संपली की बाण आपल्या नैसर्गिक गतीने खाली येतो. वस्तूला अडवणारी हवाच तिला चालवतेही, हे त्याला मान्य करावे लागले. सगळ्या मांडणीतला हा सर्वांत कच्चा दुवा, आणि पुढच्या टीकाकारांनी नेमका तिथेच घाव घातला.

प्रश्न : मग पुढची दोन हजार वर्षे कोणीच शंका घेतली नाही का? गॅलिलिओच्या आधी सगळे गप्प होते असेच आम्ही वाचत आलो. (एक वाचक, धुळे)

उत्तर : गप्प मुळीच नव्हते. ॲरिस्टॉटलनंतर थोड्याच काळाने एपिक्युरसच्या अनुयायांनी पोकळी मान्य केली आणि पोकळीत हलके-जड सगळे अणू सारख्याच वेगाने जातात असे प्रतिपादन केले. इ. स. पू. पहिल्या शतकात लुक्रीशियसने लॅटिन काव्यात तेच सांगितले. पाणी आणि हवा पडणाऱ्या वस्तूंना कमी-अधिक अडवतात, पोकळी कोणालाच अडवत नाही, म्हणून तिथे सगळ्या वस्तू सारख्याच पडल्या पाहिजेत, असा त्याचा तर्क आहे. तर्क बरोबर असला तरी त्यामागे मोजमाप नव्हते.

बाणाच्या प्रश्नावर सर्वांत धारदार टीका सहाव्या शतकात अलेक्झांड्रियात झाली. जॉन फिलोपोनसने विचारले, की हवाच जर बाण ढकलत असेल तर दोरी बाणाला टेकवण्याची गरजच काय? बाण एका काठीच्या टोकावर ठेवावा आणि हजारो यंत्रांनी त्याच्या मागची हवा हलवावी. तो हातभरसुद्धा पुढे जाणार नाही, हे उघड आहे. म्हणून फेकणारा काही अमूर्त चालकशक्ती थेट फेकलेल्या वस्तूतच भरतो आणि ती हळूहळू संपते, असे त्याने मांडले. याच लिखाणात त्याने म्हटले आहे, की वजनांत मोठा फरक असलेल्या दोन वस्तू एकाच उंचीवरून सोडल्या, तर त्या पडायला लागणाऱ्या वेळांत वजनांच्या प्रमाणात फरक पडत नाही, अगदी थोडा पडतो. गॅलिलिओने पिसाच्या मनोऱ्यावरून गोळे टाकल्याच्या गोष्टीआधी हजार वर्षे लिहिलेले हे वाक्य शालेय पुस्तकांत सहसा येत नाही, याचे मला नेहमीच आश्चर्य वाटते.

फिलोपोनसचे विचार अरबी भाषेत पोहोचले आणि तिथे त्यांना नवे वळण मिळाले. इब्न सिनाने (९८०–१०३७) फेकलेल्या वस्तूत ‘मैल’, म्हणजे एका बाजूला झुकण्याची प्रवृत्ती, येते असे म्हटले. ही प्रवृत्ती आपोआप संपत नाही. हवेसारखा अडथळा तिला संपवतो. पोकळीत ती संपणारच नाही, असेही त्याने म्हटले. मात्र त्यावरून त्याने ॲरिस्टॉटलसारखाच निष्कर्ष काढला : अशी न संपणारी गती कुठे दिसत नाही, म्हणून पोकळी नाही. बाराव्या शतकात बगदादच्या अबुल बरकातने ही प्रवृत्ती स्वतःहूनच संपत जाते असे मानले, पण पडणाऱ्या वस्तूचा वेग का वाढतो याचे त्याने दिलेले स्पष्टीकरण फार महत्त्वाचे आहे. जडपणा वस्तूत क्षणोक्षणी नवी प्रवृत्ती भरत जातो आणि ती साचत जाते, असे त्याने म्हटले.

चौदाव्या शतकात पॅरिस विद्यापीठाचा दोनदा रेक्टर झालेला जाँ ब्युरिदाँ या विषयाला सर्वांत व्यवस्थित रूप देतो. त्याची उदाहरणे विद्यापीठाच्या चार भिंतींतली नाहीत. लोहाराचे किंवा गिरणीचे चाक हात काढल्यावरही बराच वेळ फिरत राहते आणि ते जागेवरच फिरत असल्याने त्याच्या मागे हवा धावून येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दोन्ही बाजूंना टोकदार केलेला भाला मागून बोथट असलेल्या भाल्याइतकाच दूर जातो. हवा मागून ढकलत असती तर टोकाला चिकटून तिने काय ढकलले असते? प्रवाहाविरुद्ध ओढलेले जहाज दोर सोडल्यावरही पुढे जात राहते, तेव्हा डेकवरच्या खलाशाला वारा समोरून जाणवतो, पाठीवर नाही, आणि जहाजावर पेंढा लादला असेल तर मागची काडी पुढे वाकत नाही.

ब्युरिदाँच्या मते फेकणारा वस्तूत जे भरतो त्याचे नाव ‘इंपेटस’, आणि ते वस्तूतील द्रव्याच्या प्रमाणात व वेगाच्या प्रमाणात असते. लोखंडाचा तुकडा त्याच आकाराच्या लाकडापेक्षा लांब का जातो, आणि लांब उडी मारणारा आधी मागे जाऊन धावत का येतो, हे त्यातून समजते. द्रव्य आणि वेग या दोन गोष्टी त्याने एकत्र आणल्या, हे पाहून आजच्या वाचकाला संवेग (वस्तुमान गुणिले वेग) आठवेल. आणखी धाडसाची गोष्ट म्हणजे त्याने इंपेटस टिकाऊ मानले. अडथळा नसेल तर ते संपत नाही. म्हणून ईश्वराने सृष्टीच्या आरंभी ग्रहगोलांना एकदा इंपेटस दिले असेल तर त्यांना फिरवत बसायला देवदूतांची गरज नाही, असे त्याने सुचवले, आणि यावर धर्मशास्त्रज्ञांनी निर्णय द्यावा अशी सावध पुस्तीही जोडली.

त्याच सुमारास ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात गणिती मंडळींनी एकसारख्या वाढणाऱ्या वेगाचे अंतर सरासरी वेगावरून काढण्याचे सूत्र मांडले, आणि निकोल ओरेमने तेच आकृती काढून सिद्ध केले. तीनशे वर्षांनी गॅलिलिओने पडणाऱ्या वस्तूसाठी नेमके तेच सूत्र वापरले. मर्टनच्या लोकांनी ते प्रत्यक्ष पडणाऱ्या वस्तूला मात्र लावून पाहिले नव्हते.

प्रश्न : महर्षी कणादांनी वैशेषिक सूत्रांत न्यूटनचे तिन्ही नियम सांगितले आहेत, असा संदेश आमच्या कुटुंबाच्या गटावर आला. त्यात ‘वेगः निमित्तविशेषात् कर्मणो जायते’, ‘वेगः निमित्तापेक्षात् कर्मणो जायते नियतदिक् क्रियाप्रबन्धहेतुः’ आणि ‘वेगः संयोगविशेषविरोधी’ अशा तीन ओळी पहिला, दुसरा आणि तिसरा नियम म्हणून दिल्या आहेत. हे खरे आहे का? (एक निवृत्त अभियंता, नाशिक)

उत्तर : नाही, परंतु या तीन ओळी हवेतूनही आलेल्या नाहीत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ही सूत्रे कणादांच्या वैशेषिक सूत्रांत नाहीत. ती सुमारे सहाव्या शतकातील प्रशस्तपादांच्या ‘पदार्थधर्मसंग्रह’ या ग्रंथातल्या एकाच वाक्याचे तुकडे आहेत, आणि तेही किंचित फिरवलेले. मूळ वाक्याचा आशय असा : वेग हा मूर्त द्रव्यांत विशिष्ट निमित्ताच्या साहाय्याने कर्मापासून, म्हणजे हालचालीपासून, उत्पन्न होतो, तो ठरावीक दिशेने चालणाऱ्या क्रियांच्या मालिकेचे कारण असतो, आणि स्पर्श असलेल्या द्रव्याशी विशिष्ट संयोग झाला की तो नष्ट होतो. ‘संयोगविशेषविरोधी’ याचा अर्थ आदळल्याने वेग नाहीसा होतो एवढाच आहे. क्रियेला तितकीच आणि विरुद्ध प्रतिक्रिया असते हा अर्थ त्यातून काढायचा तर वाक्य सोडून द्यावे लागते. दुसऱ्या ओळीत बल, वस्तुमान आणि त्वरण यांचे प्रमाण कुठेही नाही. शिवाय वैशेषिकांचा ‘वेग’ म्हणजे ताशी किती किलोमीटर हे माप नव्हे. तो वस्तूत राहणारा, तिला पुढे नेणारा एक गुण आहे.

आता खुद्द कणादांच्या सूत्रांत काय आहे ते पाहू, कारण संदेशातल्या दाव्यापेक्षा ते अधिक रसाळ आहे. पाचव्या अध्यायात कर्माचा विचार येतो आणि सुरुवात मुसळापासून होते. आत्म्याचा संयोग आणि प्रयत्न यांमुळे हातात हालचाल होते, हाताच्या संयोगाने मुसळात होते. पण उखळात आदळून मुसळ उसळी घेते तेव्हा हातही त्याबरोबर वर जातो, आणि त्या वेळी हातात प्रयत्न नसतो, हे सूत्रकाराने टिपले आहे. पुढे ‘संयोगाभावे गुरुत्वात् पतनम्’ असे सूत्र येते : आधार सुटला की जडपणामुळे वस्तू पडते. नंतर बाण येतो. बाणाची पहिली हालचाल दोरीच्या रेट्यामुळे, ज्याला सूत्रात ‘नोदन’ म्हटले आहे, आणि त्या हालचालीने निर्माण केलेल्या संस्कारामुळे, म्हणजे वस्तूत टिकून राहून तिला पुढे नेणाऱ्या गुणामुळे, पुढची, मग त्याच्या पुढची. संस्कार संपला की जडपणामुळे बाण खाली येतो : ‘संस्काराभावे गुरुत्वात् पतनम्’.

फिलोपोनस आणि ब्युरिदाँ यांच्या उत्तराची ही जात आपल्या लगेच लक्षात येईल. बाण हवेने जात नाही, त्याच्यात काहीतरी भरले गेले आहे म्हणून जातो. प्रशस्तपादांनी पडण्याविषयी आणखी एक पाऊल टाकले आहे : पडण्याची पहिली हालचाल केवळ जडपणामुळे होते, पण दुसऱ्या हालचालीपासून जडपणा आणि संस्कार दोन्ही मिळून काम करतात. बगदादच्या अबुल बरकातने आणि पॅरिसच्या ब्युरिदाँने पडणाऱ्या वस्तूच्या वाढत्या वेगाचे जे कारण दिले त्याची आठवण व्हावी अशीच ही मांडणी आहे. बाणाच्या प्रवासात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच संस्कार असतो की दर क्षणी जुना जाऊन नवा येतो, यावर वैशेषिक आणि काही नैयायिक (न्यायदर्शनाचे अनुयायी) यांच्यात वादही झाला. हा वाद निरर्थक नाही. गती अखंड आहे की क्षणांची माळ, हाच तो प्रश्न.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जडपणा फक्त पृथ्वी आणि जल या द्रव्यांत असतो असे वैशेषिक मानत. ज्वाळेचे वर जाणे, वाऱ्याचे आडवे वाहणे आणि अणूंची पहिली हालचाल यांचे कारण सूत्रकाराने ‘अदृष्ट’, म्हणजे न दिसणारे कारण, असे दिले आहे, आणि लोहचुंबकाकडे सरकणाऱ्या सुईलाही तेच कारण लावले आहे. मोजमाप कुठेच नाही. हे सगळे त्या काळाच्या मानाने बारीक निरीक्षण आणि कठोर तर्क आहेत. त्यांना न्यूटनच्या नियमांचा मुखवटा चढवला की सूत्रकाराने खरोखर काय पाहिले ते झाकले जाते, आणि माझा या संदेशांवरचा खरा आक्षेप तोच आहे.

प्रश्न : गुरुत्वाकर्षणाचा शोध भास्कराचार्यांनी न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी लावला, हे तरी बरोबर आहे ना? ते आमच्या खानदेशातले. (एक वाचिका, चाळीसगाव)

उत्तर : आपल्या तालुक्यातील पाटणे येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला, तेव्हा नाते पक्के आहे. भास्कराचार्य स्वतः आपले गाव सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड असे सांगतात.

‘सिद्धान्तशिरोमणी’ (इ. स. ११५०) या ग्रंथाच्या गोलाध्यायात ते लिहितात, की पृथ्वी आकर्षणशक्तीने युक्त आहे, आकाशातील जड वस्तू ती आपल्या शक्तीने आपल्याकडे ओढते आणि ती वस्तू पडते असे भासते, पण सभोवार सगळीकडे आकाश सारखेच असताना पृथ्वी स्वतः कुठे पडणार? संदर्भ असा, की पृथ्वीला कशाचा तरी आधार हवा असे म्हणणाऱ्यांना आणि पृथ्वी सतत खाली पडत आहे असे मानणाऱ्या बौद्धांना ते उत्तर देत आहेत. ‘पडते’ हा शब्द पृथ्वीच्या सापेक्ष आहे, विश्वाच्या केंद्राशी त्याचा संबंध नाही, हे त्यात स्पष्टपणे येते, आणि त्या बाबतीत ते ॲरिस्टॉटलच्या पुढे आहेत. मात्र चंद्राला पृथ्वीभोवती आणि ग्रहांना सूर्याभोवती फिरवणारे तेच आकर्षण आहे, आणि ते अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते, हे न्यूटनचे म्हणणे त्यात नाही. गतीच्या इतिहासात भास्कराचार्यांचे मोठे काम माझ्या मते दुसरे आहे : ग्रहाच्या रोजच्या सरासरी चालीवर न थांबता त्यांनी ‘तात्कालिक गती’, म्हणजे त्या क्षणीची गती, काढण्याची रीत दिली. कौतुक करायचे तर तिचे करावे.

प्रश्न : पृथ्वी फिरते असे आर्यभटांनी सांगितले, तरी ते कोणी मान्य का केले नाही? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे)

उत्तर : कारण त्या काळी गतीविषयी जे माहीत होते त्याप्रमाणे आक्षेप घेणाऱ्यांची बाजू भक्कम होती. आर्यभटांनी इ. स. ४९९ मधील आपल्या ग्रंथात नावेचा दृष्टान्त दिला : पुढे जाणाऱ्या नावेतील माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे लंकेतून (म्हणजे विषुववृत्तावरून) पाहणाऱ्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. यावर वराहमिहिरांनी विचारले, की पृथ्वी फिरत असेल तर घरट्यातून उडालेले ससाणे वगैरे पक्षी परत घरट्यात कसे येतील? ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये विचारले, की मग उंच वस्तू पडत का नाहीत? ग्रीक खगोलज्ञ टॉलेमीनेही ढग आणि फेकलेल्या वस्तू पश्चिमेला मागे राहतील असा आक्षेप घेतला होता. पृथ्वीच्या फिरण्याने महाराष्ट्रातील जमीन ताशी दीड हजार किलोमीटरहून अधिक वेगाने पूर्वेकडे जात असते, हे लक्षात घेतले तर पक्ष्यांचा प्रश्न पोरकट वाटणार नाही.

या आक्षेपाला उत्तर द्यायला गतीचीच नवी कल्पना हवी होती : पृथ्वीवरून उडणारी वस्तू आधीच पृथ्वीच्या गतीत सहभागी असते आणि ती गती तिच्यापाशी राहते. ओरेमने १३७७ मध्ये हा विचार मांडला. सरळ वर मारलेला बाण हवा आणि पृथ्वी यांच्याबरोबर पूर्वेकडेही जात असतो, आणि चालत्या जहाजातील माणसाने डोलकाठीवरून हात खाली फिरवला तर त्याला तो सरळच गेल्यासारखा वाटतो, असे त्याने लिहिले. एवढे सांगून शेवटी पृथ्वी स्थिर आहे असाच निर्वाळा त्याने दिला, ही गोष्ट वेगळी. गॅलिलिओने १६३२ मध्ये बंद खोलीतील फुलपाखरे, माशांचे भांडे आणि थेंब-थेंब गळणारी बाटली यांवरून, जहाज संथ चालले आहे की उभे आहे हे आत बसून कळणार नाही, हे दाखवले. १६४० मध्ये मार्सेच्या समुद्रात पिएर गासेंदीने वेगाने वल्हवलेल्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड सोडायला लावले. ते काठीच्या बुंध्याशीच पडले, मागे राहिले नाहीत.

प्रश्न : पिसाच्या मनोऱ्यावरून गॅलिलिओने गोळे टाकल्याची गोष्ट खरी का? आणि जडत्वाचा नियम नेमका कोणाचा? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : मनोऱ्याची गोष्ट त्याच्या अखेरच्या दिवसांतील शिष्य विव्हियानी याने गॅलिलिओच्या मृत्यूनंतर, १६५४ मध्ये लिहिलेल्या चरित्रात येते. पिसामध्ये असताना, १५९० च्या सुमारास, गॅलिलिओने स्वतः लिहिलेल्या टिपणांत उंच मनोऱ्यावरून पाहिल्याचा उल्लेख आहे, पण त्यात लाकूड आधी पुढे जाते आणि नंतर शिसे त्याला मागे टाकते असे म्हटले आहे. त्या वयात तो इंपेटससारखीच, हळूहळू संपणारी शक्ती मानत होता. निःसंशय झालेला प्रयोग हॉलंडमधला आहे : सायमन स्टेव्हिनने १५८६ मध्ये प्रसिद्ध केले, की एक दुसऱ्यापेक्षा दहापट जड असे शिशाचे दोन गोळे तीस फुटांवरून फळीवर टाकले तेव्हा दोन्हींचा आवाज एकच ऐकू आला.

गॅलिलिओचे खरे काम उतारावर झाले. सुमारे बारा हात लांबीच्या फळीत खाच कोरून, तिला चर्मपत्राने गुळगुळीत करून, तीवरून काशाचा गोळा सोडायचा आणि भांड्यातून गळणाऱ्या पाण्याच्या वजनावरून वेळ मोजायची, या पद्धतीने अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे त्याने १६३८ च्या पुस्तकात दाखवले. उतारावरून आलेला गोळा समोरच्या चढावर चढतो, आणि तो चढ कमी करत नेला तर गोळा अधिकाधिक दूर जातो, आणि सपाटीवर त्याला थांबण्याचे कारणच उरत नाही. कॅरमच्या पाटावर बोरिक पावडर वाढवत नेल्यावर सोंगटी लांबलांब जाते, तो अनुभव मनात शेवटपर्यंत ताणला की हाच विचार हाती येतो. फरक एवढाच, की गॅलिलिओची ‘सपाटी’ पृथ्वीच्या पृष्ठभागाबरोबर वळणारी होती. सरळ रेषेतली न संपणारी गती देकार्तने १६४४ मध्ये नियम म्हणून मांडली. त्याचा मित्र आयझॅक बेकमन याने, एकदा हललेली वस्तू अडवल्याशिवाय थांबत नाही, हे त्याच्या कितीतरी आधी आपल्या वहीत लिहून ठेवले होते, पण ती वही त्याच्या हयातीत छापली गेली नाही.

न्यूटनने १६८७ मध्ये तो पहिला नियम म्हणून मांडला तेव्हाही जुनी भाषा पूर्णपणे गेली नव्हती. आपल्या तिसऱ्या व्याख्येत तो जडत्वाला द्रव्यातील ‘अंगभूत शक्ती’ असेच म्हणतो. मात्र ही शक्ती वस्तूला पुढे नेण्याचे काम करत नाही. बाहेरचे बल वस्तूची स्थिती बदलू पाहते तेव्हाच ती प्रकट होते, असे तो लगेच स्पष्ट करतो.